मैना लाईटीत हाय

मल्हारी कोळपे कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी ती स्वतः बघून यायचे. आमच्या खुटबावात बांधावरून भांडण निघालं की दोन्हीकडची माणसं म्हणत, "मल्हारीआबाला इचारा." मग आबा काठी घेऊन बांधावर जायचे, हद्दीचा दगड हलवून बघायचे, दगडाखालची माती बोटांनी चोळून बघायचे आणि पुष्कळदा सरळ सांगायचे, "मला ठावं न्हाई." त्या 'ठावं न्हाई'लाही गावात किंमत होती. कारण ज्या दिवशी आबा 'व्हय' म्हणायचे, त्या दिवशी भांडण मिटलेलं असायचं.

या माणसाच्या तोंडून माझ्या माहितीत एकदाच चुकीचं 'व्हय' गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं.

आबांचे वडील आणि आजोबा मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे. आबाही तिशीपर्यंत गेले. पुढे कालव्याचं पाणी मिळालं, चार एकरात ऊस उभा राहिला आणि मेंढरांचा वाडा मोडला. कळप विकला, पण अकरा मेंढ्या ठेवल्या. अकराच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हातानला सवय ऱ्हायाला नगं व्हय, सर?" लोकरीची एक काडी डोळे मिटून बोटात फिरवली, की ती कोकराची आहे की म्हाताऱ्या मेंढीची, हे ते सांगायचे. उन्हाळा असो की हिवाळा, खांद्यावर घोंगडी असायचीच.

त्यांची मैना आठवीपासून माझ्या वर्गात होती. मी गावच्या हायस्कुलात एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मैना वर्गात फार बोलायची नाही, पण एकदा तिने विचारलं, "सर, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वरचं-खालचं का होत न्हाई?" मी म्हणालो, उद्या सांगतो. ते उद्या अजून आलेलं नाही. दौंड-पुणे पॅसेंजरने रोज जाऊन-येऊन ती बी.एस्सी. झाली, मग एम.एस्सी., आणि २००० साली विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागात संशोधन करायला लागली. विषय होता फोटॉनिक्स.

हा शब्द घरात गेला तेव्हाच गोंधळाला सुरुवात झाली. अनसाबाईंनी, म्हणजे मैनाच्या आईने, त्यातला 'फोटो' तेवढा ऐकला. लेक पुण्यात फोटो काढायला शिकते, असं त्यांनी माहेरी कळवून टाकलं. पुढच्या लग्नसराईत भावाचा निरोप आला, मैनाला कॅमेरा घेऊन हळदीलाच पाठवा. मैना कॅमेऱ्याविना गेली, हळद लावून घेतली, आणि फोटो कुणी काढायचा यावरून दोन मामा रुसले.

मग २००३ च्या जानेवारीत मैनाचं नाव पेपरात आलं. दिल्लीला एका परिषदेत तिने निबंध वाचला होता. गावाने मंदिरापुढे सत्कार ठेवला आणि बोलायला मला उभं केलं. मी कागदावर लिहून आणलं होतं, 'प्रकाशाच्या गुणधर्मांचा तांत्रिक उपयोग'. समोर बघितलं, तर बायका पदराने वारा घेत होत्या आणि पुरुष तंबाखू मळत होते. मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "सोप्या भाषेत सांगायचं, तर आपली मैना लाईटवर संशोधन करते!"

मोठ्या टाळ्या पडल्या. अवघड गोष्ट सोपी करून सांगितल्याचा मला आनंद झाला.

आता सांगायला लाज वाटते, पण आमच्याकडे 'लाईट' या शब्दाचा अर्थ एकच आहे. लाईट जाते, लाईट येते, लाईटीचं बिल येतं, लाईटवाला खांबावर चढतो. सूर्याच्या प्रकाशाला खुटबावात आजवर कुणी लाईट म्हटलेलं नाही. गावात जन्म काढलेल्या मास्तराला हे त्या वेळी सुचलं नाही.

मार्चमध्ये कोळपे वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. एका डीपीवर पाण्याच्या चौदा मोटारी होत्या, तिला तो भार सोसला नाही. विहिरीत पाणी होतं, ते वर येत नव्हतं. उसाची पानं गुंडाळायला लागली. सोमवारी संध्याकाळी विकास सोसायटीच्या ओट्यावर सगळे जमले. दौंडच्या ऑफिसात जाऊन अर्ज द्यायचा, नंबर लावायचा, असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात पोपटरावांना आठवलं. पोपटराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा.

"आरं, अर्ज कशाला करताय येड्यावानी? मल्हारी, तुझी मैना लाईटीत हाय न्हवं?"

आबांनी मैनाचं काम बघितलं नव्हतं. पण सगळ्या गावासमोर सरांनी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं.

"व्हय," आबा म्हणाले. "मैना लाईटीत हाय."

"मंग लाव की तिला कामाला! पुण्याची वळख म्हंजी वरची वळख."

"बोलतो तिच्याशी. शुक्रवारपतूर निरोप आणतो."

मल्हारीआबा 'व्हय' म्हणाले, म्हणजे झालंच. अर्जाचा कागद तिथेच राहिला. शुक्रवारी पुन्हा जमायचं ठरवून माणसं घरी गेली.

मंगळवारी सकाळी आबा माझ्या ओसरीवर आले. पाणी प्याले, घोंगडी गुडघ्यावर घेतली आणि म्हणाले, "सर, मैना त्या लाईटीच्या हापिसात कुठल्या टेबलावर बसती? म्हंजी तिथंच जातो."

मला आधी काही कळेना. मग ओट्यावरची सगळी हकीगत त्यांनी सांगितली.

"आबा, मैना वीज ऑफिसात नाही."

"तुमीच म्हणला व्हता."

"मी प्रकाशाबद्दल बोलत होतो. म्हणजे उजेड."

"मंग उजेड का न्हाई म्हणला?"

आबांच्या आवाजात राग नव्हता. हद्दीचा दगड जागेवर का नाही, असं ते बांधावर विचारतात, त्याच आवाजात त्यांनी विचारलं होतं.

"बरं. मंग ती नेमकं काय करती, ते सांगा. गावाला तेवढं सांगतो."

मी सांगायला लागलो. प्रकाश लाटांसारखा असतो, पण कणांसारखाही असतो. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लाट असतो का कण असतो?"

"दोन्ही."

"ह्यातलं मी ओट्यावर काय सांगू?" ते उठले. "बघून यावं लागंल, सर. तुमीबी चला."

बुधवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरने पुण्याला गेलो. अनसाबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. लेक फोटोच्या खोलीत अंधारात बसते आणि नीट जेवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अंधाराचं मात्र त्यांचं बरोबर निघालं.

मैनाच्या प्रयोगशाळेच्या दारावर लाल दिवा होता. दार उघडून ती बाहेर आली आणि आम्हाला बघून घाबरली. "आबा! घरी काय झालं?"

"काय न्हाई झालं. तुझं काम बघाय आलोय."

आबांनी वहाणा बाहेर काढल्या. आत भिंती काळ्या, पडदे काळे, हाताला हात दिसत नव्हता. आबा उंबऱ्यातच थांबले.

"हितंबी डीपी जळाली व्हय?"

मैना हसली. "न्हाई आबा. आम्हीच दिवे बंद केलेत. बाहेरचा उजेड आला, की आमचा बारका उजेड दिसत न्हाई."

"म्हंजी लाईट घालवून लाईट हुडकायची?"

"तसंच समजा."

मधे एक भलंमोठं लोखंडी टेबल होतं, त्याच्या पायांत हवा भरलेली. त्याला टेकू नका, टेकलं तरी पलीकडचा उजेड हलतो, असं मैनाने सांगितलं. आबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग त्यांनी ओट्यावरची गोष्ट लेकीला सांगितली. मैना आधी हसली. आबांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ते हसत नाहीत एवढं तिला कळलं, आणि ती थांबली.

"आबा, मला साधा वायरमन बी वळखत न्हाई. होस्टेलची लाईट गेली, की मीच मेणबत्ती हुडकत बसते."

"मंग तू करतीस काय, ते दाव."

तिने एक बारका दिवा लावून टेबलावरची एक तार दाखवली. केसासारखी बारीक, काचेची. काच वाकते, हे आबांना पटायला थोडा वेळ लागला. ह्या टोकाला उजेड सोडायचा, त्या टोकाला तो बघायचा, मधे तार कुठे ताणली किंवा तापली, तर पलीकडे आलेला उजेड बदलतो, आणि त्या बदलावरून ताण किती, ताप किती, ते काढायचं. हे तिचं संशोधन. तीन वर्षं ती हेच करत होती.

"तापल्यालं कळतं?" आबांनी विचारलं.

"कळतं."

"आन् डीपी तापली तर?"

"तार आधीपासून आत बसवली असली तर कळंल. काही देशांत तसं करत्यात बी."

"म्हंजी तू लाईटीत हायेस."

"न्हाई हो आबा."

"डीपीचं कळतं म्हणतीस न्हवं?"

"तापल्यालं कळतं. जळाल्याली नीट हुत न्हाई."

"नवी मिळंल?"

"त्याचा आन् ह्याचा काय संबंध?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी तारेकडे बघत राहिलो. आता मैना लाईटीत आहे की नाही, हे मलाही धडपणे सांगता आलं नसतं.

आबांना स्वतःला पारखता येईल असं काही दाखवावं, म्हणून असेल, मैना म्हणाली, "आबा, घोंगडीतल्या लोकरीचे दोन केस काढा."

आबांनी दोन केस उपटले, बोटांत फिरवले. "हा कोकराचा. हा म्हातारीचा. कोकराचा जाडीला निम्म्याला जरा वर."

मैनाने लेसरचा लाल उजेड सुरू केला आणि त्याच्यापुढे म्हातारीचा केस धरला. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावला होता. त्याच्यावर केसाची सावली पडली नाही. मधे एक ठसठशीत लाल ठिपका आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे होत गेलेले लाल पट्टे, रांगेने. मग तिने कोकराचा केस धरला. पट्टे एकमेकांपासून लांब सरकले. तिने पट्टीने दोन्ही अंतरं मोजली, कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाली, "आबा, बरोबर. निम्म्याला जरा वर."

आपलं बरोबर आलं याचा आबांना काही आनंद झालेला दिसला नाही. ते भिंतीकडेच बघत होते.

"बारक्या केसाचं पट्टं लांब लांब का गेलं?"

"केस जेवढा बारीक, तेवढा उजेड जास्त पसरतो."

"उलटं झालं हे. बारक्या वस्तूची सावली बारकी पायजे."

"ही सावली न्हवं, आबा."

"मंग काय हाय?"

मैनाने सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. पाटाचं पाणी अरुंद बाऱ्यातून, म्हणजे बांध फोडून केलेल्या तोंडातून, निघालं की पलीकडे कसं पसरतं, तसं, म्हणाली. आबा म्हणाले, बारं बारीक केलं तर पाणी कमी येतं, पसरत नाही. मैना म्हणाली, पाणी नव्हे, पाण्यावरची लाट. आबा म्हणाले, पाटाला लाट कुठली? मी मधे पडून सूत्र सांगितलं. सूत्र मला तोंडपाठ होतं. पण आबांनी "म्हंजी काय?" विचारलं, आणि तेव्हा कळलं की मला फक्त सूत्रच येत होतं.

निघताना मैना रडवेली झाली. "आबा, माझ्यामुळं गावात तुमचा शब्द जाईल."

"तुझ्यामुळं न्हाई," आबा म्हणाले. माझ्यामुळे, असंही म्हणाले नाहीत. दशम्यांचं फडकं तिच्या हातात दिलं. "आईनं फोटूच्या खोलीत खायाला दिल्यात."

परतीच्या गाडीत लोणी गेलं, उरुळी गेलं, तरी आबा बोलेनात. मला सारखं वाटत होतं, काहीतरी मार्ग काढला पाहिजे. शेवटी मी म्हणालो, "आबा, शुक्रवारी असं सांगा. मैना डीपी कशी तापते याच्यावरच काम करते, पण नवी डीपी देणं तिच्या हातात नाही. यात खोटं काही नाही. तुमचा शब्दही राहील."

"ते खरं हाय, सर. पर लोकानला ते खोटंच ऐकू जाईल."

शुक्रवारी ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. चौदा मोटारींचे मालक तर होतेच, पण मल्हारीची पोर काय करते, हे ऐकायला बाकीचेही आले होते. आबा उभे राहिले. असं उभं राहून ते कधी बोलत नसत.

"मी सोमवारी व्हय म्हणालो, ते चुकलं. बघितल्याबिगर बोललो. आमची मैना लाईटीत न्हाई. ती उजेडात हाय."

कुणीतरी म्हणालं, "उजेडात म्हंजी?"

"म्हंजी काय, ते मलाबी कळलं न्हाई. खोलीत अंधार करती आन् उजेड बघती. डीपीचं तिच्या हातात काय न्हाई. चार दिस माझ्यामुळं अर्ज ऱ्हायला. त्येवढा माझा गुन्हा."

पोपटरावांचा आवाज चढला. "मल्हारी, आरं सगळ्या वस्तीचा ऊस वाळला की! अंधारात उजेड बघती म्हणं! आमीबी चार दिस तेच करतोय घरात!"

ओट्यावर हशा पिकला. आबा हसले नाहीत आणि बसलेही नाहीत. अजून कुणाला काही विचारायचं असेल, तर आपण उभं राहिलं पाहिजे, असं त्यांना वाटत असावं. सरांनी सांगितलं म्हणून मी बोललो, एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर गाव तिथेच गप्प झालं असतं. त्यांनी ते म्हटलं नाही. ते म्हणतील याची मी वाट बघत होतो की काय, कोण जाणे. मग मीच उठलो.

"पोपटराव, लाईट हा शब्द माझा होता. सत्काराला मी वापरला. उजेड म्हणायचं सोडून लाईट म्हणालो."

पोपटराव माझ्याकडे बघत राहिले. ते माझे विद्यार्थी नव्हते, त्यांचा मुलगा होता. "सर, एवढं शिकून तुमानला लाईट आन् उजेडातला फरक कळंना व्हय?"

"नाही कळला," मी म्हणालो.

शनिवारी सगळे मिळून दौंडला गेले, अर्ज दिला. आबा पुढे होते. एकोणीस दिवसांनी नंबर लागला आणि नवी डीपी आली. तोवर शेवटच्या टोकाचा ऊस जळून गेला होता, आणि त्यात आबांचा पाऊण एकर होता.

त्यानंतर गावात बांधाची दोन भांडणं झाली. आबांना कुणी बोलावलं नाही. मी ओसरीवरून बघायचो. ते मेंढ्या घेऊन त्याच बांधावरून जायचे आणि दगडाकडे न बघता पुढे निघायचे. तिसऱ्या भांडणात एक बाजू खुद्द पोपटरावांची होती. दोन दिवस आरडाओरडा झाला आणि मग पोपटरावच आबांच्या दारात गेले.

"मल्हारी, चल. आन् बघून सांग बरं का, ऐकून नगं."

"बघूनच सांगीन," आबा म्हणाले आणि काठी घेतली. निकाल पोपटरावांच्या विरुद्ध गेला. पोपटरावांनी तो मानला.

२००५ मध्ये मैनाला पीएच.डी. मिळाली. पुन्हा मंदिरापुढे सत्कार झाला. बोलायला मला सांगितलं, मी नको म्हणालो. मैना बोलली, चांगलं बोलली, पण बायका पदराने वारा घेतच होत्या. शेवटी पोपटराव म्हणाले, "बापानं दोन शब्द बोलावं."

आबा उठले. त्या दोन वर्षांत केसाचे पट्टे लांब का जातात, हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल, याचा हिशेब नाही. मैना आली, की तिलाही विचारायचे. तिने दर वेळी नव्या रीतीने सांगितलं, आणि दर वेळी आबांनी मान हलवून म्हटलं, "उलटं हाय, पर हाय."

आता ते सगळ्या गावासमोर उभे होते. खांद्यावर घोंगडी होती.

"मैना उजेडाचं काम करती," ते म्हणाले. "त्यो उजेड तसा का वागतो, ते मला ठावं न्हाई. पर मी बघून आलोय."

आणि ते खाली बसले.